चहा स्वस्त झाला होता, तरी तो समुद्रात गेला

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाबद्दल आपल्याकडे शाळेत जे काही शिकवतात त्यातलं बहुतेकांना एकच आठवतं, इंग्रजांनी चहावरचा टॅक्स वाढवला म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. मी स्वतः बरीच वर्षं बोस्टनच्या जवळ राहतेय, इथे हा इतिहास पावलोपावली दिसतो, पाट्या लावलेल्या आहेत, आणि तरीही गप्पांमध्ये लोक हेच वाक्य बोलतात तेव्हा मला राहवत नाही. कारण टॅक्स वाढवलेलाच नव्हता. १७७३ साली जो चहा बोस्टनला आला तो आधीच्या चहापेक्षा स्वस्त विकला जाणार होता, आणि लोकांना ते माहीत होतं, आणि माहीत असूनही त्यांनी तो पाण्यात टाकला. हे कोडं सोडवल्याशिवाय त्या लोकांचा राग कळतच नाही असं माझं ठाम मत झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लंडनची बाजू सांगते, कारण ती अगदीच मूर्खपणाची नव्हती. १७५६ ते १७६३ हे सात वर्षांचं युद्ध ब्रिटन जिंकलं, फ्रेंचांकडून कॅनडा मिळवला, पण त्या नादात सरकारचं कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते तेरा कोटींच्या घरात गेलं. उत्पन्नातला मोठा हिस्सा नुसतं व्याज भरण्यात जायचा. त्यात अमेरिकेत सुमारे १०,००० सैनिक कायमचे ठेवायचं ठरलं, त्यांचा खर्च वेगळा. इंग्लंडमधला माणूस अमेरिकेतल्या माणसाच्या कित्येक पटींनी जास्त कर भरत होता आणि तोही वैतागलेला होता, १७६३ मध्ये सायडरवर म्हणजे सफरचंदाच्या दारूवर कर लावला तर इंग्लंडमध्येच सायडर बनवणाऱ्या भागात लोक रस्त्यावर उतरले. मग पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल म्हणाला की ज्यांच्या रक्षणासाठी हे सैन्य ठेवतोय त्यांनी थोडा तरी वाटा उचलावा. हिशेब म्हणून यात काहीच चूक दिसत नाही.

पण अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधली माणसं कर भरत नव्हती असं नाही ना! ती भरत होती, आपापल्या असेंब्लीने लावलेले. व्हर्जिनियामध्ये लोकांनी निवडलेली सभा १६१९ पासून होती, म्हणजे ग्रेनव्हिलच्या वेळेपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती, आणि तशीच प्रत्येक वसाहतीची एकेक सभा होती. बहुतेक ठिकाणी राजाच्या वतीने गव्हर्नर यायचा, पण पैसा मंजूर करायचं काम या सभांचं. युद्ध चालू असताना मॅसॅच्युसेट्सच्या सभेने स्वतःच्याच लोकांवर चांगले जबर कर लावले होते, सैनिक उभे केले होते. लंडन तीन हजार मैल लांब, जहाजाने पत्र जायला महिना-दीड महिना, कधी दोन महिने, उत्तर यायला परत तेवढेच, त्यामुळे रोजचा कारभार इथल्या इथेच चालायचा आणि लंडननेही कितीतरी वर्षं तिकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. दोन-तीन पिढ्या अशा गेल्या की लोकांना हाच नियम वाटायला लागतो. आणि हे लोक स्वतःला इंग्रजच समजत होते हे विसरू नका, त्यांची सगळी आर्ग्युमेंटं इंग्लंडच्याच इतिहासातून आलेली आहेत. पहिल्या चार्ल्स राजाने पार्लमेंटला न विचारता जहाजांसाठी पैसे मागितले तेव्हा जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने द्यायला नकार दिला होता, १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये तर सरळ लिहिलं होतं की पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय राजाने पैसे घ्यायचे नाहीत. वसाहतवाल्यांचं म्हणणं एवढंच की तुम्ही तुमच्या राजाला जे सांगितलंत तेच आम्ही तुम्हाला सांगतोय.

पहिला खटका मळीवरून उडाला. हो, तीच मळी, आपल्या साखर कारखान्यातून निघते ती. कॅरिबियन बेटांवर ऊस व्हायचा, तिथली मळी जहाजांनी न्यू इंग्लंडला म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या वसाहतींमध्ये यायची आणि तिथे तिची रम बनायची, हा मोठा धंदा होता. १७३३ पासून परदेशी मळीवर गॅलनला ६ पेन्स ड्युटी होती पण ती कोणी भरायचंच नाही, कस्टम्सच्या माणसाच्या हातावर थोडं काही ठेवलं की माल सुटायचा. १७६४ मध्ये ग्रेनव्हिलने ती निम्मी केली, ३ पेन्स, पण म्हणाला की आता ही खरोखर वसूल करणार. आणि खटला भरायचा तर आजच्या कॅनडातल्या हॅलिफॅक्सला आरमारी कोर्टात, तिथे ज्यूरी नाही, बोस्टनच्या व्यापाऱ्याचं जहाज पकडलं तर त्याने शेकडो मैल लांब जाऊन आपण निर्दोष आहोत हे स्वतः सिद्ध करायचं. दर निम्मा झाला आणि राग दुप्पट झाला, यातच पुढच्या दहा वर्षांची सगळी गोष्ट आलेली आहे.

मग आला स्टॅम्प ॲक्ट, मार्च १७६५ मध्ये पास झाला, १ नोव्हेंबरपासून लागू. आपल्याला स्टॅम्प पेपर काय असतो हे समजावून सांगायची गरज नाही, घर घ्या, भाडेकरार करा, ॲफिडेविट करा, स्टॅम्प लागतोच. पण तेव्हा अमेरिकेत पार्लमेंटने असा थेट कर कधीच लावलेला नव्हता आणि यावेळी तर त्यांनी काहीच सोडलं नाही, कोर्टाची कागदपत्रं, जमिनीचे दस्तऐवज, जहाजाचे कागद, दारूच्या दुकानाचं लायसन्स, वर्तमानपत्रं, पंचांगवजा ॲलमनॅक, जाहिराती (दर जाहिरातीला २ शिलिंग), पत्त्यांचा कॅट (१ शिलिंग), फाशांचा जोड (१० शिलिंग), कॉलेजची डिग्री घेतली तर तिच्यावर २ पौंड. आणि पैसे द्यायचे ते इंग्लंडच्या चलनात, जे वसाहतींमध्ये मुळातच दुर्मिळ होतं, वर आदल्याच वर्षी कायदा करून त्यांच्या कागदी नोटांवरही बंधनं घातलेली. अख्ख्या करातून वर्षाला अंदाजे ६०,००० पौंड येतील अशी अपेक्षा होती, म्हणजे कर्जाच्या मानाने किरकोळ. त्या किरकोळ रकमेसाठी सरकारने वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि दारूचे गुत्तेवाले अशा सगळ्यांना एकाच वेळी दुखावलं, म्हणजे ज्यांना लिहिता येतं, बोलता येतं आणि ज्यांच्या दुकानात लोक जमतात ते सगळे. कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने पहिलं पान थडग्याच्या दगडासारखं छापलं, कवटी वगैरे काढून, की आमचं वर्तमानपत्र आज मेलं.

आता लंडनचं उत्तर ऐका. ग्रेनव्हिलचा सेक्रेटरी थॉमस व्हेटली याने असं मांडलं की पार्लमेंटचा प्रत्येक सभासद हा सगळ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो, तुम्ही त्याला मत दिलं नाही म्हणून काय झालं, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम एवढी मोठी शहरं, त्यांचाही स्वतःचा सभासद नाही, ते भरतातच की कर. मला हे वाचताना दरवेळी वाटतं की या माणसाने स्वतःच्याच बाजूचा कच्चा दुवा दाखवून दिला. मेरीलँडचा वकील डॅनियल ड्युलानी याने याचं उत्तर दिलं ते मला फार आवडतं. तो म्हणतो की इंग्लंडमधला मतदार आणि मत नसलेला माणूस एकाच गावात राहतात, तोच कर दोघांना लागतो, त्यामुळे एकाचं नुकसान झालं की दुसऱ्याचंही होतं, मतदार ओरडला की त्यात मत नसलेल्याचंही काम होतं. पण अमेरिकेवर लावलेला कर इंग्लंडमधल्या एकाही मतदाराला लागत नाही, उलट अमेरिकेने जितका जास्त भरला तितका इंग्लंडमधल्या माणसाचा भार हलका होतो. मग आमच्या बाजूने कोण का उभं राहील? या प्रश्नाचं लंडनमध्ये कोणाकडेच उत्तर नव्हतं. आणि म्हणूनच 'मग तुम्हाला पार्लमेंटमध्ये चार सीट देतो' हा तोडगाही वसाहतींना नकोच होता. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिलं की एवढ्या अंतरामुळे आमचं प्रतिनिधित्व तिकडे होऊच शकत नाही, आमच्यावर कर आमच्या सभाच लावू शकतात.

विरोध कसा केला हेही बघण्यासारखं आहे. स्टॅम्प विकायला प्रत्येक वसाहतीत एक एजंट नेमला होता आणि लोकांनी ओळखलं की कायद्याशी भांडत बसण्यापेक्षा या एजंटलाच राजीनामा द्यायला लावला की काम झालं. बोस्टनमध्ये १४ ऑगस्टला अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला आणि त्याने काम सोडलं, मग एकेका वसाहतीत हेच झालं, कायदा लागू व्हायच्या सुमाराला जवळजवळ एकही एजंट जागेवर नव्हता, फक्त जॉर्जियामध्ये थोडे दिवस थोडे स्टॅम्प विकले गेले. पण २६ ऑगस्टला बोस्टनच्या जमावाने उपगव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर अक्षरशः उद्ध्वस्त केलं, सामान, पैसे, कागदपत्रं सगळं, आणि हा माणूस मनातून स्टॅम्प ॲक्टच्या विरोधात होता. हे मला कुठल्याही अंगाने समर्थनीय वाटत नाही, इथल्या पाट्यांवर हे थोडक्यात उरकतात ते मला खटकतं.

खरा परिणाम झाला तो बहिष्काराचा. व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल मागवणं बंद केलं, तिकडे लंडन आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांचा माल पडून राहायला लागला आणि तेच पार्लमेंटकडे अर्ज घेऊन गेले. फेब्रुवारी १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनला पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात बोलावून प्रश्न विचारले. गंमत म्हणजे सुरुवातीला फ्रँकलिनलाच याचा अंदाज आला नव्हता, त्याने स्वतःच्या मित्राचं नाव स्टॅम्प एजंट म्हणून सुचवलं होतं. पण त्या दिवशी त्याने सांगितलं की कर कमी केलात तरी लोक भरणार नाहीत, शस्त्रं घेऊन भरायला लावलं तरच. आणि शेवटी विचारलं की आता अमेरिकन लोकांना कसला अभिमान वाटतो तर म्हणाला, नवीन कपडे स्वतः करता येईपर्यंत जुने कपडे परत घालण्याचा. मार्चमध्ये कायदा रद्द झाला. पण त्याच दिवशी दुसरा एक कायदा पास केला की वसाहतींवर कुठल्याही बाबतीत कायदे करायचा पार्लमेंटला पूर्ण अधिकार आहे. लोक आनंदात होते, त्याकडे फार कोणी लक्ष दिलं नाही.

आता मला ज्या भागाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय तो. १७६७ मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर ड्युटी लावली. त्याला वाटलं की या लोकांना देशातल्या व्यवहारावरचा कर चालत नाही ना, मग बंदरात लावू. सगळं मिळून वर्षाला ४०,००० पौंड, म्हणजे स्टॅम्पपेक्षाही कमी. पण हे पैसे कशासाठी वापरायचे ते कायद्यात लिहिलं होतं आणि ते वाचून जाणत्या लोकांच्या पोटात गोळा आला. या पैशातून गव्हर्नर आणि जज यांचे पगार द्यायचे. यात काय एवढं असं वाटेल, पण विचार करा. गव्हर्नर राजा नेमायचा, त्याला काढायची ताकद लोकांकडे नव्हती, त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, त्याचा पगार. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने १७२८ मध्ये गव्हर्नर बर्नेटला कायमस्वरूपी पगार बांधून द्यायला नकार दिला होता, खुद्द राजाचा तसा आदेश असताना, कारण दरवर्षी पगार मंजूर करायचा अधिकार म्हणजे दरवर्षी त्याला आपलं ऐकायला लावायचा अधिकार. टाउनशेंडने तो एकमेव लगाम काढून घ्यायची सोय केली, आणि तीही लोकांच्याच पैशातून. म्हणजे तुम्ही चहा प्यायचा, त्याच्या ड्युटीतून गव्हर्नर आणि जज पोसायचे आणि मग त्यांनी तुम्हाला विचारायचंच नाही. पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सनने शेतकऱ्याच्या नावाने वर्तमानपत्रांतून पत्रं लिहून हे लोकांना समजावलं, की रक्कम किती लहान आहे हे बघू नका, लहान आहे म्हणूनच ती धोक्याची आहे, एकदा भरली की हक्क मान्य केल्यासारखं होईल.

पुढचं सगळं भराभर सांगते. पुन्हा बहिष्कार, बायकांनी घरोघरी सूत कातायला घेतलं, १७६८ मध्ये बोस्टनला सैन्य आलं, ५ मार्च १७७० ला सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, आणि योगायोग असा की त्याच दिवशी लंडनमध्ये नवा पंतप्रधान लॉर्ड नॉर्थने चहा सोडून बाकीच्या ड्युट्या काढून टाकायचा प्रस्ताव मांडला होता. चहावरची ठेवली, रतलाला ३ पेन्स. १७७२ मध्ये जेव्हा जाहीर झालं की गव्हर्नर हचिन्सन (हो, तोच, ज्याचं घर फोडलं होतं) आणि पाठोपाठ वरच्या कोर्टाचे जज यांचे पगार आता राजाकडून येणार, तेव्हा सॅम्युअल ॲडम्सने बोस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती काढली आणि गावोगावी पत्रं पाठवायला सुरुवात केली. चहा फेकण्याच्या वर्षभर आधीची ही गोष्ट. लोक तेव्हा चहावर भांडत नव्हते, जजच्या पगारावर भांडत होते.

आणि इथे आपला संबंध येतो. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा बुडायला आली होती, बंगालमध्ये १७७० चा भीषण दुष्काळ, कंपनीच्या नोकरांची लूट, लष्कराचा खर्च, आणि लंडनच्या गोदामांत सुमारे १ कोटी ७० लाख रतल चहा पडून. पार्लमेंटने १७७३ मध्ये दोन कायदे केले. एक टी ॲक्ट, कंपनीने चहा थेट अमेरिकेत विकावा, इंग्लंडमधली ड्युटी माफ, म्हणजे चोरट्या डच चहाशीही टक्कर देता येईल. आणि दुसरा रेग्युलेटिंग ॲक्ट, ज्याने मुंबईचं कौन्सिल कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या देखरेखीखाली आलं. त्याच वर्षी ३० ऑगस्टला पुण्यात नारायणरावांचा खून झाला आणि पुढे मुंबईवाल्यांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला तो कलकत्त्याने नामंजूर केला, ते याच कायद्याच्या जोरावर. म्हणजे शनिवारवाड्याचं राजकारण आणि बोस्टनचं बंदर, दोन्हीकडे एकाच कंपनीचं संकट निस्तरणं चालू होतं. आपण हे दोन इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत शिकतो म्हणून हे कधी लक्षातच येत नाही.

नॉर्थला लोकांनी सांगितलं होतं की बाबा ते ३ पेन्स काढून टाक, चहा आपोआप खपेल. त्याने ऐकलं नाही, कारण पगार त्यातूनच द्यायचे होते आणि हक्क सोडल्यासारखं झालं असतं. बोस्टनला चहा विकायचं काम ज्यांना मिळालं त्यात हचिन्सनची दोन मुलं होती. पहिलं जहाज डार्टमथ २८ नोव्हेंबरला आलं, वीस दिवसांत ड्युटी भरली नाही तर कस्टम्स माल जप्त करून उतरवणार. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाहून चहाची जहाजं परत गेली, चार्ल्सटनला चहा गोदामात पडून राहिला, पण हचिन्सन जहाजाला परत जाऊ देईना. १६ डिसेंबरला हजारो लोक सभेला जमले, जहाजाचा मालक गव्हर्नरकडे शेवटची परवानगी मागायला गेला, नाही म्हणून आला, आणि त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा पाण्यात टाकला, साधारण ९२,००० रतल, किंमत साडेनऊ हजार पौंडांच्या वर. चहा सोडून जहाजावरच्या दुसऱ्या मालाला त्यांनी हात लावला नाही. त्यांना भीती होती ती स्वस्ताईचीच, की एकदा चहा किनाऱ्यावर उतरला की लोक तो घेतील, न कळत ३ पेन्स भरतील आणि मग बोलायला तोंड उरणार नाही.

यात सगळेच निर्मळ होते असं मी म्हणत नाही. डच चहा चोरून आणणारे व्यापारी होते, स्वस्त चहाने त्यांचं दिवाळं निघालं असतं. आणि गुलामगिरी तर उघड उघड होती, स्वातंत्र्याच्या घोषणा देणाऱ्या कितीतरी घरांत माणसं विकत घेतलेली होती. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच पॉल कफी आणि इतर काही कृष्णवर्णीय लोकांनी अर्ज केला की आम्हाला मत देता येत नाही मग आमच्याकडून कर कसा घेता, म्हणजे ज्यांनी हा मुद्दा ब्रिटनला शिकवला त्यांनाच तो कोणीतरी परत वाचून दाखवला. तो अर्ज माझ्या मते त्या सगळ्या काळातल्या महत्त्वाच्या कागदांपैकी एक आहे. आमच्यासारखे एच-वन व्हिसावर नोकरीला आलेले लोकही वर्षानुवर्षं टॅक्स भरतात आणि मत देऊ शकत नाहीत, मराठी मंडळात हा विषय निघाला की कोणीतरी बोस्टनचं नाव घेतंच, पण ते मला बरोबर वाटत नाही, आम्ही नियम माहीत असून स्वतःहून आलोय, कफी इथेच जन्मला होता.

चहाची शिक्षा म्हणून लंडनने बोस्टनचं बंदरच बंद केलं, मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे अधिकार कापले, आणि तिथे बाकीच्या वसाहतींना कळलं की उद्या ही पाळी आपली. १७७४ च्या सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची काँग्रेस म्हणजे एकत्र सभा जमली, १९ एप्रिल १७७५ ला बोस्टनजवळ लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्ध सुरू झालं.

आणि मग १७७८ मध्ये, सॅराटोगाला ब्रिटिश फौज शरण गेल्यावर आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरल्यावर, त्याच लॉर्ड नॉर्थने पार्लमेंटमध्ये कायदा करून घेतला. चहावरची ड्युटी रद्द, यापुढे उत्पन्नासाठी वसाहतींवर कर लावणार नाही. १७६५ मध्ये जे मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. ते घेऊन लंडनची माणसं जूनमध्ये फिलाडेल्फियाला पोचली तर त्यांचंच सैन्य शहर सोडायच्या तयारीत होतं, आणि काँग्रेसने उत्तर दिलं की आधी आमचं स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा काढून घ्या, मग बोलू.